काळ्या मातीत, तुरीच्या खुंटांत टिकेल असा टायर कसा निवडायचा

यवतमाळ जिल्ह्यात आर्णी-घाटंजी भागात पशुवैद्यक म्हणून फिरणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: बोलेरो आहे, टायरचं माप २१५/७५ आर१५. महिन्याला अडीच हजार किलोमीटर होतात, त्यातले सातआठशे पांदणीचे आणि वावराच्या कडेचे. दोन वर्षांत तीन टायर साइडला फाटून गेले. दुकानदार म्हणतो मोठ्या गोट्यांचे मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे, टाका, घरचे म्हणतात नायलॉनचे टाका, ते फाटत नाहीत. रात्रीबेरात्री कुणाची गाय अडलेली असते, तेव्हा आपण वाटेत अडून चालत नाही. तर टिकाऊ म्हणून नेमकं काय घ्यावं, आणि कोणत्या कंपनीचं?

ताई, आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. मापात बदल न करता ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा दोन्हींवर चालणारा एटी, रेडियल ट्यूबलेस टायर घ्या. तो निवडताना वरच्या गोट्या, म्हणजे नक्षीतले रबराचे उंचवटे, शेवटी बघा. साइड किती जाड आहे, वजन किती पेलतो आणि कोणत्या आठवड्यात बनलाय, हे आधी बघा. मड टेरेन तुमच्या कामाला नको. नायलॉन तर अजिबात नको. आणि नवे टायर घ्यायच्या आधी ते तीन टायर कशानं मेले हे समजून घ्या, नाहीतर चौथाही तसाच जाईल.

मी सव्वीस वर्षं याच जिल्ह्यात टायरचं काम करतो. त्याआधी वणीकडे कोळशाच्या गाड्यांच्या टायरवर हात काळे केले. दुकानात 'साइड फाटली' म्हणून येणाऱ्या टायरांत मला तीन वेगळे मृत्यू दिसतात, आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

पुढच्या वेळी टायर रिमवरून उतरवताना तिथे उभ्या राहा. उतरल्यावर टायर उभा धरून आतून हात फिरवायला सांगा. आतून काळी भुकटी निघाली, खोडरबरानं खोडल्यावर कीस पडतो तशी, तर तो टायर फाटण्याच्या कितीतरी आधी मेलेला होता. कमी हवेवर चालला, साइड दर फेऱ्याला दुमडली, आतलं रबर स्वतःवरच घासून दळलं गेलं. बाहेरून बघितलंत तर साइडवर रिमला समांतर असा गोल पट्टा उमटलेला दिसतो. अशा टायरला शेवटचा धक्का काट्यानं दिला की दगडानं, याला काही अर्थ राहत नाही. दुसऱ्या प्रकारात साइडवर साप चावल्यासारख्या दोन खुणा असतात, एक वर ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागाच्या, खांद्याजवळ आणि एक खाली रिमजवळ. गाडी वेगात खड्ड्याच्या कडेवर आदळली आणि रिम व दगड यांच्यामध्ये टायर चिमटला गेला. कधी लगेच फाटत नाही, फक्त फुगा येतो. फुगा म्हणजे आतले दोरे तुटलेत आणि आता नुसतं रबर हवा धरून बसलंय. तिसरा प्रकार म्हणजे स्वच्छ चीर. आत भुकटी नाही, फुगा नाही, दोरे सुरीनं कापल्यासारखे. हा खरा साइड कट. तुमचे तिन्ही जर या प्रकारातले असतील, तरच जाड साइडचा टायर तुमचा प्रश्न सोडवेल. पहिल्या प्रकारातले असतील तर आधी हवा मोजायचं यंत्र घ्या.

आपल्या भागात स्वच्छ चीर पडते ती बहुतेक वेळा तुरीच्या खुंटानं. पऱ्हाटी आपण उपटतो, तूर कापतो. विळ्याचा घाव तिरपा बसतो, त्यामुळे मागे राहतं ते अंगठ्याएवढं जाड, वीतभर उंच आणि बोरूसारखं टोक काढलेलं लाकूड. जानेवारीत ते ओलं असतं, लवतं. मार्च उजाडेपर्यंत वाळून असं टणक होतं की ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरातही घुसतं. वावराच्या कडेनं गाडी वळवताना पुढचं चाक तिरपं होतं आणि त्याची बाहेरची कूस नेमकी या टोकांवर घासत जाते. म्हणून खुंटांतून जायचंच असेल तर सरळ जा, चाक वळवायचं ते मोकळ्या जागेत. खुंट ट्रेडखाली आला तर बहुतेक वेळा मोडतो. साइडला लागला तर टायर मोडतो.

असं का, ते टायर कापून बघितला की लगेच कळतं. रेडियल टायरच्या ट्रेडखाली पोलादी तारांचे दोन पट्टे असतात, वर बऱ्याचदा नायलॉनचा एक थर. साइडला पोलाद नसतं. तिथे पॉलिएस्टरच्या दोऱ्यांचा एक किंवा दोन थर आणि वर काही मिलिमीटर रबर, एवढंच. साइड मऊ ठेवल्यामुळेच रेडियल आरामात चालतो आणि कमी तापतो; पण खुंट, दगड, तुटलेला पाइप यांच्यापुढे तीच त्याची नाजूक जागा ठरते. गोट्या कितीही मोठ्या असोत, त्या खाली असतात. फाटतं ते कडेला. दुकानात लोक टायर आडवा ठेवून गोट्यांवर हात फिरवतात. मी त्यांना तो उभा करून साइड वाचायला सांगतो.

साइडवर काय वाचायचं? बऱ्याच टायरांवर बारीक अक्षरांत बनावट लिहिलेली असते: ट्रेडमध्ये इतके थर पॉलिएस्टर, इतके पोलाद, आणि साइडवॉलमध्ये इतके थर पॉलिएस्टर. साइडवॉलपुढे १ असेल तर तो टायर शहरातल्या गाडीसाठी आहे असं समजा. २ हवेतच. ३ थरांचे टायरही मिळतात, महाग असतात, मेळघाटात रोज दगडांत जाणाऱ्याला मी ते सुचवतो. मग भाराचा आकडा. मापापुढे १०० एस असं काही लिहिलेलं असतं. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, ९७ म्हणजे ७३०, १०४ म्हणजे ९००. एस म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत. कंपनीनं दिलेल्या आकड्यापेक्षा कमी भाराचा टायर स्वस्त मिळतो म्हणून कधीही घेऊ नका, जास्त चालेल.

याच मापात मालवाहू पिकअपसाठीचे ८ पीआरचे टायरही मिळतात. पीआर म्हणजे ताकदीचं माप. आत खरंच आठ थर असतात असं नाही. हे टायर साइडला चांगलेच जाड असतात आणि आपल्याकडे बरेच शेतकरी बोलेरोला तेच टाकतात. टिकतात, यात शंका नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. त्यांतल्या पुष्कळांची नक्षी रिब असते, म्हणजे नुसत्या लांब सरळ रेघा. ओल्या पांदणीत त्या काहीच पकडत नाहीत. आणि रिकाम्या गाडीत ते दगडासारखे आदळतात, मागे बसलेल्या माणसाची पाठ आणि तुमच्या औषधांच्या बाटल्या दोन्ही हलतात. मालच वाहत असता तर मी तेच म्हटलं असतं. तुमच्या गाडीत दोन माणसं, औषधांचे खोके आणि बर्फाचा डबा, त्यामुळे दोन थरांच्या साइडचा एटी पुरेसा आहे.

आता तारीख. साइडवर लांबोळक्या चौकटीत चार आकडे असतात. ३५२४ असेल तर २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. कधी कधी हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून रिमवर चढवण्याआधीच दोन्ही बाजू बघा. एकदा आतल्या बाजूला गेले की खाली वाकून बॅटरीनं शोधावे लागतात. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षाच्या वरचा मी घेऊ नका म्हणेन, कितीही सूट देवोत. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेल्या टायरचं रबर न चालताच म्हातारं होतं. नक्षी पूर्ण शिल्लक आणि साइडला बारीक तडे, असे टायर मी दर आठवड्याला बघतो. सोबत आयएसआयची खूण बघा; कारच्या टायरना आयएस १५६३३ आणि मालवाहू गाड्यांच्या टायरना आयएस १५६३६ हे मानक लागू आहे.

नायलॉनबद्दल घरच्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, म्हणून नीट सांगतो. आपण ज्याला नायलॉन म्हणतो त्यात दोऱ्यांचे थर एकमेकांवर तिरपे फुली मारल्यासारखे घातलेले असतात, आणि तेच थर ट्रेडखालून साइडपर्यंत जातात. त्यामुळे साइड खरोखर मजबूत असते. ट्रॉलीला, जुन्या जीपला, ताशी तीस-चाळीसनं चालणाऱ्या गाडीला हा टायर वर्षानुवर्षं पुरतो. पण हे थर चालताना एकमेकांवर घासतात आणि तापतात. महिन्याचे सतराशे किलोमीटर तुम्ही डांबरावर ऐंशीच्या वेगानं काढता, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५-४६ ला जातो, डांबराचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर तापतो. त्यात नायलॉन टाकणं म्हणजे साइड वाचवून ट्रेड घालवणं. ओल्या डांबरावर ब्रेकही लांब लागतो.

मड टेरेनबाबत माझी स्वतःची एक चूक सांगणं माझं कर्तव्य आहे. २०१४ च्या पावसाळ्याआधी एका ओळखीच्या शेतकऱ्याला मी आग्रह करून मोठ्या गोट्यांचे टायर दिले. त्याच्या पांदणीत ते छान चालले, तो खूश होता. जुलैत पहाटे बाजाराला जाताना गुळगुळीत ओल्या डांबरावर समोर म्हैस आली, त्यानं ब्रेक दाबला आणि गाडी थांबलीच नाही, सरकत जाऊन नालीत पडली. माणसं वाचली. मड टेरेनच्या गोट्यांत जागा भरपूर सोडलेली असते, म्हणजे सपाट रस्त्याला टेकणारं रबर कमी, आणि पाणी कापणाऱ्या बारीक चिराही कमी असतात. तो पूर्ण दिवस वावरात राहणारा माणूस असता तर ठीक होतं, पण त्याचंही निम्म्याहून जास्त चालणं डांबरावरच होतं. तेव्हापासून मी कुणालाही टायर सुचवण्याआधी महिन्याचे किलोमीटर आणि त्यातले कच्चे किती, हे विचारतो. निम्म्याहून कमी कच्चे असतील तर एटी. तुमचे तिसऱ्या हिश्श्याच्याही आत आहेत.

आणि काळ्या मातीचं खरं सांगायचं तर, मड टेरेनही तिला पुरून उरत नाही. आपली माती बेसाल्टच्या खडकापासून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पाडते. ती पूर्ण गारा झालेली असते तेव्हा इतकी वाईट नसते, टायर घसरतो पण माती सुटते. सर्वांत वाईट वेळ म्हणजे पाऊस उघडल्यानंतरचा दुसरा-तिसरा दिवस, जेव्हा ती वरून सुकल्यासारखी दिसते आणि आतून कणकेसारखी असते. तेव्हा गोट्यांमधली जागा पहिल्या वीस पावलांत भरते. मग टायरावर माती, मातीवर माती, त्यात काडीकचरा, आणि टायर व मडगार्ड यांच्यामधली जागा भरून चाक चक्क जाम होतं. अशा दिवशी कोणताही टायर असो, गाडी मुरमावर किंवा कडक जागी ठेवा आणि निरोप देऊन बैलबंडी किंवा ट्रॅक्टर बोलवा. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यातले लोक हे पिढ्यान् पिढ्या जाणतात; तिथली माती तर आणखी खोल आणि आणखी चिकट.

थोड्या अंतराचा चिखल ओलांडायचा असेल तर एटी टायरवरही जाता येतं, पण तिथे सगळा खेळ हवेचा आहे. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा ही डांबरासाठी असते. ती, समजा, ३२ पीएसआय आहे, म्हणजे आपण म्हणतो ते ३२ पौंड. चिखलाआधी ती २२ वर आणली तर टायर जमिनीला लांबट टेकतो, वजन पसरतं, चाक रुतायचं कमी होतं. नदीच्या रेतीत १८ पर्यंत जाता येतं. पंधराच्या खाली जाऊ नका, टायर रिमवरून निसटतो. आणि कमी हवेवर ताशी वीस-पंचवीसच्या वर नाही, डांबर लागायच्या आधी हवा परत भरायची. बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर गाडीत ठेवा. तुमच्या कामात तो चैनीची वस्तू नाही. बोलेरोला मागची दोनच चाकं ओढतात, म्हणून मागे थोडं वजन असलेलं चिखलात बरं. पुढे बसलेल्यांना मागे बसवलं तरी फरक पडतो. बंडीच्या चाकोऱ्या खोल असतील तर चाकं त्यांत घालू नका. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेच्या गवतावर ठेवून जा, म्हणजे पोटही टेकत नाही आणि चाकोरीच्या कडेला साइड घासतही नाही.

पण हीच कमी हवा खुंटांत आणि दगडांत घात करते. हवा उतरवली की साइड बाहेर फुगते, म्हणजे कापली जाणारी जागाच तुम्ही पुढे करता. इंटरनेटवर कच्च्या रस्त्यावर हवा कमी करा असं सरसकट सांगतात, ते रेतीच्या मुलखाचं शहाणपण आहे. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे, वावरांच्या कडेनं जाताना हवा पूर्ण ठेवा. माझा अंदाज असा की तुमच्या तीनपैकी निदान एक टायर असाच गेला असावा.

हवा सकाळी, गाडी चालायच्या आधी मोजा. हवेचं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण दीड पौंड दाब वाढतो, आणि चालून तापलेला टायर चार-पाच पौंड जास्त दाखवतो. तो आकडा बघून हवा सोडू नका, थंड झाल्यावर टायर कमी हवेवर येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ती भुकटी दळायला लागते. तुम्ही नागपूरला किंवा पुढे समृद्धी महामार्गानं जात असाल तर हे आणखी महत्त्वाचं. काँक्रीटचा लांब सरळ रस्ता, ताशी १२० पर्यंतची मुभा, वळण नाही, ब्रेक नाही, टायरला श्वास घ्यायला उसंत नाही. पांदणीत आधी मार खाल्लेला, आतून दोरे तुटलेला टायर तिथे दुपारी फुटतो. कच्च्यावर चालणाऱ्या गाडीनं तिथे नव्वद-शंभरच्या वर जाऊ नये, आणि निघण्याआधी चारही साइडवर आतून-बाहेरून हात फिरवून फुगा तपासावा. डोळ्यांना न दिसणारा फुगा तळव्याला लागतो.

बाकीच्या विदर्भाचं थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या सहकाऱ्यांच्या बदल्या होत असतात. धारणी-चिखलदऱ्याकडे दगड धारदार आहे आणि घाट आहेत. तिथे तीन थरांची साइड आणि चिवट रबर पाहिजे. गडचिरोलीच्या जंगलवाटांवर तोडलेल्या बांबूचे खुंट असतात, ते तुरीच्या खुंटाचे थोरले भाऊ. तिथे तर पायवाट सोडून गाडी वळवूच नये. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्यांतून जाणारे रस्ते अरुंद आणि पावसाळ्यात पाण्याखाली, पण मुरूम बराच, त्यामुळे साधा एटी चालून जातो.

गिट्टीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. काम चालू असलेल्या रस्त्यावरची काळी गिट्टी ट्रेडच्या फटीत अडकते. लोक दुर्लक्ष करतात. ती गिट्टी दर फेऱ्याला थोडी थोडी आत ठोकली जाते, हळूहळू पोलादी पट्ट्यापर्यंत भोक पाडते, मग पावसाचं पाणी आत जातं, तारा गंजतात आणि एक दिवस वरचं रबर पोळीसारखं सुटून येतं. बाहेरून पंक्चर कधीच झालेलं नसतं. आठवड्यातून एकदा बोथट स्क्रू ड्रायव्हरनं गिट्ट्या काढा, दहा मिनिटांचं काम आहे. नवा एटी घेताना फटींच्या तळाशी बारीक उंचवटे आहेत का तेही बघा, ते गिट्टी बाहेर ढकलण्यासाठीच दिलेले असतात.

मोठं माप टाकायचा मोह होतो, त्याचा हिशोब असा. २१५/७५ आर१५ चा व्यास साधारण ७०३ मिलिमीटर, २३५/७५ आर१५ चा ७३३. गाडी उंच होते ती फक्त पंधरा मिलिमीटर. बदल्यात स्पीडोमीटर साठ दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टनं चालते, इंजिनवर ओढ येते, आणि चाक पूर्ण वळवलं की टायर कुठेतरी घासण्याची शक्यता असते. तुमच्या गाडीला त्याची गरज नाही.

पंक्चरचं बघा. बाभळीचा, बोरीचा, हिवराचा काटा ट्यूबलेसमध्ये घुसला तर तो लगेच उपटू नका, हवा धरून असेल तर तसेच दुकानापर्यंत या. बाहेरून दोरी ठासून केलेलं पंक्चर हे वाटेवरचं काम आहे. घरी आल्यावर टायर उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीच्या आकाराचं ठिगळ, लावून घ्या, आणि त्याच वेळी आत भुकटी आहे का तेही दिसतं. साइडचं पंक्चर दुरुस्त होत नाही. कुणी करून देतो म्हणाला तरी फार तर स्टेपनीवर घर गाठण्यापुरतं. टायरात टाकायचं जेलसारखं द्रव काट्यांना उपयोगी पडतं, चिरेला नाही.

काटा मोडून टोक आत राहिलं असेल तर ते शोधायची एक पद्धत मी माझ्या उस्तादाकडून शिकलो. बोटं फिरवली तर बोट फाटतं आणि बारीक टोक सापडत नाही. आपल्याकडे घरोघरी असतो तो कापसाचा बोळा घ्यायचा आणि टायरच्या आतून हलक्या हातानं फिरवत न्यायचा. जिथे टोक आहे तिथे कापसाचा एक तंतू अडकून राहतो, उजेडात पांढरा चमकतो. मग पकडीनं ओढायचं. ट्यूबच्या टायरला तर हे केल्याशिवाय नवी ट्यूब घालूच नये, पहिल्या किलोमीटरला पुन्हा पंक्चर होते.

तुम्ही पशुवैद्यक आहात म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. हवेचा टायर १८८८ मध्ये पेटंट करून घराघरात पोहोचवणारा जॉन बॉइड डनलॉप बेलफास्टमध्ये जनावरांचाच डॉक्टर होता. मुलाच्या तीनचाकीला रस्त्याचे हिसके बसू नयेत म्हणून त्यानं ती रबरी नळी गुंडाळली. त्यामुळे तुमच्यासारख्यांच्या प्रश्नाचं उत्तर देताना मला वेगळाच आनंद होतो.

रिम लोखंडीच ठेवा. अलॉय दिसायला छान, पण दगडावर आदळून तडकला की तिथेच खेळ संपतो. लोखंडी रिम वाकला तर हातोड्यानं ओठ सरळ करून रात्र काढता येते. फक्त वर्षातून एकदा, टायर उतरेल तेव्हा, रिमची कड तारेच्या ब्रशनं घासून रंगवून घ्या. गंजलेल्या कडेतून हवा हळूहळू जाते, पंक्चर सापडत नाही, आणि माणूस कमी हवेवर चालत राहतो.

कंपनी कोणती, असं तुम्ही शेवटी विचारलंत. एमआरएफ वाँडरर, अपोलो अप्टेरा, जेके रेंजर, योकोहामा जिओलँडर, यांतलं जे तुमच्या मापात, ताज्या तारखेचं मिळेल ते चालेल. पण नुसतं नाव सांगू नका, कारण अप्टेरा, रेंजर किंवा जिओलँडर या एकाच नावाखाली हायवेसाठीचा एचटीही येतो आणि एटीही येतो. साइडवरची अक्षरं स्वतः वाचा. पाच टायर एकसारखे घ्या, चार नाही. पाचवा स्टेपनीला लावा आणि दर आठ-दहा हजार किलोमीटरला मागचे सरळ पुढे, पुढचे तिरपे मागे, अशा फेरीत स्टेपनीलाही आणा. नाहीतर मागच्या दारावर उन्हात टांगलेली स्टेपनी न वापरताच म्हातारी होते आणि ज्या रात्री लागते त्या रात्री दगा देते. तिच्यावर कव्हर घाला आणि महिन्यातून एकदा तिचीही हवा मोजा.

नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते असं कायदा म्हणतो. पावसाळ्यात पांदणीत जाणाऱ्या गाडीला मी चार मिलिमीटरला टायर बदला म्हणतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात मोजा आणि पाच-सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास असतील तर तो पावसाळा काढू द्या, दिवाळीनंतर बघा.

सगळ्या टायरांचं बजेट एकदम जमत नसेल तर आधी मागचे दोन बदला, पुढचे नाहीत. ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी गरकन फिरते, सांभाळता येत नाही. आणि नवे बसवून घेतल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पाचही नट पाना लावून पुन्हा आवळून घ्या. रंग आणि गंज बसल्यामुळे नव्यानं आवळलेले नट थोडे सैल होतात. जुन्या टायरांपैकी एखाद्याची आतून भुकटी निघाली नसेल आणि नक्षी शिल्लक असेल, तर तो घेऊन आर्णीकडून येताना दुकानात दाखवा, स्टेपनी म्हणून आणखी वर्षभर चालेल का ते उतरवून बघूनच सांगता येईल.